आइसलंडचे उन्हाळी पाहुणे

प्रवासाचा बेत घरीं बसून आंखणें हा प्रत्यक्ष प्रवासाइतकाच सुखाचा उद्योग आहे. पुढ्यांत नकाशा पसरावा, बोटानें वाट काढीत जावें, आज येथें मुक्काम, उद्यां तेथें, असें ठरवीत जावें; नकाशावर नदीला पूर येत नाहीं आणि घोडा थकत नाहीं. परंतु जगांत कांहीं देश असे आहेत, कीं ते परक्याचा बेत सहसा मान्य करीत नाहींत. उत्तर अटलांटिक महासागरांत, ध्रुववृत्ताला जवळजवळ टेकून असलेलें आइसलंड हें बेट त्यांपैकींच एक होय. गेल्या अडीचशें वर्षांत तेथें उन्हाळ्याची सफर करण्यास निघालेल्या नामांकित मंडळींनीं कोणकोणते बेत केले, त्यांपैकीं किती तडीस गेले आणि त्यांच्या हौसेची किंमत यजमानांना काय द्यावी लागली, ही हकीकत ऐकण्यासारखी आहे.

आधीं देशाची थोडी ओळख हवी. आइसलंडचें क्षेत्रफळ सुमारें १ लाख ३ हजार चौरस किलोमीटर. म्हणजे आजच्या महाराष्ट्राचे तीन भाग केले, तर त्यांतला एक. लोकवस्ती मात्र आजही चार लाखांहून कमी, आणि तीही बहुतेक सारी किनाऱ्याच्या कडेकडेनें. मधला भाग म्हणजे हिमनद्या, थिजलेल्या लाव्हाचीं रानें आणि काळ्या वाळूचीं मैदानें. जून महिन्यांत तेथें खरी रात्र अशी होतच नाहीं; डिसेंबरांत सूर्य चार-पांच तास तोंड दाखवून जातो. तेव्हां पूर्वींच्या पाहुण्यांना जून, जुलै व ऑगस्ट एवढेच तीन महिने काय ते मोकळे असत. नवव्या शतकाच्या उत्तरार्धांत नॉर्वेकडील लोकांनीं येथें वसाहत केली, ९३० सालच्या सुमारास थिंगवेट्लिरच्या माळावर आपली लोकसभा भरविली, तेराव्या शतकांत ते नॉर्वेच्या राजाचे अंकित झाले आणि पुढें डेन्मार्कच्या सत्तेखालीं गेले. १६०२ पासून १७८७ पर्यंत तर व्यापाराचा सारा मक्ता डेन्मार्कच्या हातीं होता. परक्या गलबतानें सहज म्हणून बंदरांत शिरावें, असा तो काळ नव्हता.

गंमत अशी, कीं हिंदुस्थानांत आइसलंडचें नांवही फारसें कोणाला ठाऊक नसेल, त्या काळांत एक आइसलंडी मनुष्य मात्र हिंदुस्थानांत राहून गेला. त्याचें नांव योन ओलाफ्सोन. डॅनिश राजाच्या नोकरींत तो १६२२ सालीं निघाला, कोरोमंडल किनाऱ्यावरील तरंगंबाडीच्या किल्ल्यांत राहिला, तेथें दारूच्या स्फोटांत जखमी झाला, आणि मायदेशीं परतल्यावर उतारवयांत त्यानें आपली जीवनकथा लिहून ठेविली. त्याचे देशबांधव त्याला अजूनही ‘हिंदुस्थानचा प्रवासी’ ह्याच टोपणनांवानें ओळखतात. असो.

केवळ जिज्ञासेनें आइसलंडला गेलेल्या पाहुण्यांत पहिलें मोठें नांव जोसेफ बँक्स ह्या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाचें. परंतु त्याचा मूळ बेत आइसलंडचा नव्हताच. कॅप्टन कुकबरोबर तो एकदां पृथ्वीप्रदक्षिणा करून आला होता आणि १७७२ सालीं कुकच्या दुसऱ्या सफरीवर निघण्याची त्याची सारी सिद्धता झाली होती. आपल्या लवाजम्याला जागा पुरावी म्हणून त्यानें जहाजावर इतकें बांधकाम करविलें, कीं तें जहाज वरून जड होऊन डोलूं लागलें. आरमारखात्यानें तें बांधकाम उतरविलें. बँक्स रागावला आणि सफरींतून अंग काढून मोकळा झाला. आतां जमविलेल्या चित्रकारांचें व शास्त्रज्ञांचें करावयाचें काय? जुलै महिन्यांत त्यानें ‘सर लॉरेन्स’ नांवाचें एक गलबत भाड्यानें घेतलें आणि आइसलंडची वाट धरली. म्हणजे रुसव्यांतून निघालेली ही सफर. वाटेंत स्कॉटलंडच्या बेटांवर दिवस गेले आणि आइसलंडचा किनारा दिसला तेव्हां ऑगस्ट संपत आला होता. शहाण्या माणसानें परत फिरावें, अशी ती वेळ. बँक्सची मंडळी मात्र उकळत्या झऱ्यांच्या गेसिर ह्या स्थळीं गेली, तेथल्या पाण्यांत तिनें मांस व मासे शिजवून खाल्ले, आणि सप्टेंबरच्या २५ तारखेस हेक्ला ह्या ज्वालामुखीच्या माथ्यावर चढून गेली. थंडी अशी, कीं अंगावरचे कपडे बर्फानें ताठ झाले. बरोबर असलेल्या ऊनो फॉन त्रोइल ह्या स्वीडिश विद्वानानें ही हकीकत पत्ररूपानें छापली आणि युरोपांतील वाचक आइसलंडकडे कुतूहलानें पाहूं लागले.

ह्या सफरीचा खरा हिशेब पस्तीस वर्षांनीं झाला, आणि तो पाहुणा व यजमान दोघांनाही भूषणावह आहे. रेक्याविकजवळ बँक्सचें आगतस्वागत करणाऱ्यांत ओलाफुर स्टेफेनसेन हा वजनदार गृहस्थ होता. १८०७ सालीं इंग्लंड व डेन्मार्क यांच्यांत युद्ध जुंपलें आणि धान्य आणणारीं आइसलंडचीं गलबतें इंग्रजांनीं पकडलीं. बेटावर तेव्हां धान्य पिकत नसे; बाहेरून न आलें, तर उपास. तेव्हां ओलाफुरचा मुलगा माग्नुस स्टेफेनसेन यानें बँक्सला पत्र लिहिलें. बँक्स आतां म्हातारा व संधिवातानें जखडलेला, पण दरबारीं त्याचा शब्द चाले. त्यानें खटपट करून गलबतें सोडविलीं, आणि १८१० सालीं आइसलंडशीं चालणाऱ्या व्यापारास उपद्रव देऊं नये, असा इंग्लंडच्या राजाचा हुकूम निघाला. सुमारें सहा आठवड्यांच्या पाहुणचाराची अशी फेड फारच थोड्या प्रवाशांनीं केली असेल.

ह्याच युद्धाच्या धामधुमींत, १८०९ सालीं, विल्यम हुकर हा तरुण वनस्पतिशास्त्रज्ञ बँक्सच्या सल्ल्यानें आइसलंडला गेला. त्याचा बेत वनस्पति गोळा करण्याचा. पण ज्या जहाजानें तो गेला, त्याच जहाजावर युर्गेन युर्गेनसेन नांवाचा एक अचाट डॅनिश खलाशी होता. त्यानें रेक्याविकला उतरून डॅनिश गव्हर्नरास कैद केलें आणि आपण देशाचा संरक्षक झाल्याचें जाहीर केलें! हें राज्य उन्हाळ्याबरोबरच संपलें. परतीच्या वाटेवर हुकरच्या जहाजाला आग लागली. माणसें वांचलीं, आणि तीं वांचविण्यांत ह्याच युर्गेनसेनचा हात मोठा होता. परंतु हुकरनें उन्हाळाभर जमविलेला संग्रह जवळजवळ सगळा भस्म झाला. पुढें बँक्सनें आपलीं जुनीं टिपणें त्याच्या हवालीं केलीं, तेव्हां कोठें त्याचें पुस्तक पुरें झालें.

आतां त्या काळीं अशा सफरीची तयारी कशी करीत, तें पाहूं. देशांत रस्ते नव्हते, पूल नव्हते, खाणावळी तर नव्हत्याच. १८०१ च्या शिरगणतींत रेक्याविक ह्या राजधानीची वस्ती अवघी तीनशेंच्या आसपास भरली होती. पाहुण्याला प्रथम लागत तीं घोडीं. आइसलंडचा घोडा चणीनें लहान, अंगावर दाट केस, दगडधोंड्यांतून पाय न चुकवितां चालणारा. स्वारास हिसका बसूं न देतां झपझप जाण्याची त्याची एक स्वतंत्र चाल आहे. चार माणसें निघालीं, तर घोडीं निदान वीस हवींत, हें ऐकून नवखा पाहुणा थक्क होई. परंतु त्याला कारण होतें. पाठीवर सामान घेणारे घोडे निराळे, स्वारीचे निराळे, आणि थकल्यावर पालटण्यासाठीं मोकळे घोडे पुढें हांकीत न्यावयाचे. सामानाच्या खोगिराखालीं कापसाची गादी नसे. माळावरून खणून काढलेले गवती मातीचे लगदे पाठीवर ठेवीत, त्यावर लांकडी चौकट कशीत आणि दोहों बाजूंस पेट्या अडकवीत. एका पेटीचें वजन दुसरीहून थोडें जास्त झालें, कीं ओझें कलंडे आणि सारा तांडा थांबे. म्हणून घरीं बसून केलेल्या यादींतल्या निम्म्या वस्तु रेक्याविकलाच मागें ठेवाव्या लागत.

पुढचा प्रश्न नद्यांचा. हिमनदीच्या पोटांतून निघालेली नदी सकाळीं उतार देते आणि दुपारीं, ऊन लागून बर्फ वितळल्यावर, तीच घोड्याच्या पाठीपर्यंत चढते. कोणत्या दिवशीं कोठें पोंचावयाचें, हें पाहुण्यानें नव्हे, तर नदीनें ठरवावयाचें. गेसिरच्या वाटेवरील ब्रूआरा नदीवर एक पूल होता खरा. पण तो नदीच्या मधोमध! पात्रांत एक खोल फट आहे, तेवढ्या फटीवर फळ्या टाकलेल्या. फळ्यांपर्यंत घोड्यानें पाण्यांतून जावयाचें आणि पूल ओलांडून पुन्हां पाण्यांतच उतरावयाचें. हा पूल पाहून चकित झाला नाहीं, असा लेखक बहुधा सांपडावयाचा नाहीं.

रात्रीं उतरावयाचें कोठें? धर्मोपदेशकाच्या घरीं, आणि तेथें जागा नसल्यास चर्चमध्यें. लांकडी, छोटें, गवताच्या ढेकळांनीं शाकारलेलें चर्च. त्यांतच यजमानांचे लोंकरीचे गठ्ठे, धान्य, पेट्या. भाषेचें काय? हे धर्मोपदेशक स्वतः गवत कापीत, मेंढरें राखीत, मासे पकडीत. पण लॅटिन बोलत. विद्यापीठांतून शिकून आलेल्या इंग्रज गृहस्थाचें लॅटिन अशा वेळीं तोकडें पडे आणि गुडघाभर चिखलांत उभा असलेला यजमान त्याच्या चुका मनांतल्या मनांत मोजी. अशा घरीं दूध, दहीं, सुकी मासळी मिळे. पैसे घेण्यास ते अनमान करीत. पण डॅनिश नाणीं बरोबर नसलीं, तर पाहुण्याचेंच तोंड कसनुसें होई.

आणखी एका गृहस्थाचे उपकार ह्या पाहुण्यांवर आहेत, आणि ते बहुधा कोणी मानीत नाहीं. ब्योर्न गुन्लाउग्सोन हा बेसास्तादिरच्या शाळेंत गणित शिकविणारा मास्तर. १८३१ पासून १८४३ पर्यंत शाळेला सुटी लागली, कीं हा आपलीं मोजणीचीं उपकरणें घोड्यावर लादून निघे आणि देशाचा एकेक भाग मोजून काढी. त्याच्या त्या उन्हाळ्यांच्या श्रमांतून आइसलंडचा पहिला सबंध विश्वसनीय नकाशा १८४० नंतरच्या दशकांत छापून निघाला. पुढचे सारे प्रवासी ज्या कागदावर बोट ठेवून आपल्या सहलीचे बेत करीत, तो कागद एका शिक्षकाच्या सुट्ट्यांनीं भरलेला होता.

१८४५ सालीं व्हिएन्नाची ईडा फायफर ही बाई एकटी आइसलंडला आली. वय ४७, दोन मुलगे वाढवून मार्गी लावलेले, गांठीं पैसा बेताचा. मालवाहू जहाजांतून ती आली, चर्चच्या फरशीवर निजली, हेक्लावर चढली. आइसलंडी लोकांविषयीं तिनें जें लिहिलें, तें कडक आहे, आणि पुष्कळसें अन्यायाचें आहे. गरिबाच्या घरांतील अस्वच्छता तिला दिसली, गरिबी तितकी दिसली नाहीं. पण चिकाटी तिची. जुलैअखेर ती परतीच्या जहाजांत बसली आणि २ सप्टेंबरला हेक्लाचा स्फोट झाला. ज्यासाठीं एवढी यातायात केली, तो देखावा कांहीं आठवड्यांनीं हुकला! पुढच्याच वर्षीं ती पृथ्वीप्रदक्षिणेस निघाली आणि हिंदुस्थानांत कलकत्त्यापासून दिल्लीपर्यंत फिरून, अजिंठा, वेरूळ व दौलताबाद पाहून ती मुंबईस आली. हेक्लाचा लाव्हा पाहिलेली ही बाई दख्खनच्या काळ्या दगडांत कोरलेल्या लेण्यांतून हिंडली. तोही दगड मूळचा लाव्हाच.

आपल्या इतिहासाशीं संबंध असलेले आणखी दोघे ह्या पाहुण्यांत आहेत. पहिला लॉर्ड डफरिन. पुढें १८८४ ते १८८८ हिंदुस्थानचा व्हाइसरॉय झालेला हाच तो गृहस्थ. त्याच्याच कारकीर्दींत मुंबईस राष्ट्रीय सभेचें पहिलें अधिवेशन भरलें. १८५६ सालीं मात्र तो तिशींतला हौशी सरदार होता आणि ‘फोम’ नांवाचें आपलें शिडाचें जहाज घेऊन निघाला होता. रेक्याविकला गव्हर्नराच्या मेजवानींत त्याला लॅटिनमध्यें भाषण करण्याचा प्रसंग आला, तो त्यानें विनोदानें निभावून नेला. त्यानंतर तो गेसिरला गेला. तेथें दोन मोठे झरे: एक थोरला गेसिर, आणि दुसरा जवळचाच स्ट्रोक्कुर. थोरला आपल्या मर्जीचा धनी. दिवसेंदिवस स्वस्थ बसेल आणि भलत्याच वेळीं शेंदीडशें फूट उसळेल. डफरिनच्या मंडळीनें तंबू ठोकून तीन दिवस त्याची वाट पाहिली. ह्याच सफरींत त्याची व फ्रान्सच्या प्रिन्स नेपोलियनची गांठ पडली. प्रिन्सच्या वाफेच्या जहाजानें डफरिनच्या जहाजाला दोर बांधून उत्तरेस यान मायेन बेटाकडे ओढून नेण्यास आरंभ केला; परंतु बर्फ दिसूं लागल्यावर राजपुत्राचें जहाज मागें फिरलें आणि शिडाचें लहानसें जहाज तेवढें पुढें जाऊन त्या बेटाला पोंचलें.

स्ट्रोक्कुरची गोष्ट निराळी. १८१५ सालीं एबेनेझर हेंडरसन हा बायबलाच्या प्रती वांटीत फिरणारा स्कॉटिश पाद्री येथें आला असतां त्याला असा शोध लागला, कीं ह्या झऱ्याच्या तोंडांत धोंडे टाकले, तर तो चिडून उसळतो. झालें! वाट पाहण्यास वेळ नसलेल्या पाहुण्यांना किल्लीच सांपडली. तेव्हांपासून येणाऱ्याजाणाऱ्यानें फावड्यानें गवताचीं ढेकळें खणावीं, तीं झऱ्याच्या घशांत कोंबावीं आणि घड्याळ हातांत घेऊन बसावें, हा तेथला परिपाठ होऊन बसला. डफरिननेंही तेंच केलें. आपल्या बेतांत बसेना, तेव्हां पृथ्वीलाच ओकारी आणविण्याची ही युक्ति एका पाद्र्यानें शोधून काढावी, हें थोडें चमत्कारिकच.

१८५८ पासून कोपनहेगनहून टपालाची आगबोट नियमानें येऊं लागली आणि बेताला निश्चित तारीख आली. बोट अमुक दिवशीं येणार, अमुक दिवशीं जाणार. मधले जे आठवडे, तेवढीच सफर. अशाच ‘डायना’ बोटीनें १८७१ च्या जुलैंत विल्यम मॉरिस हा इंग्रज कवि व कारागीर आला. त्याची तयारी बहुतेकांहून निराळी. त्यानें आधीं आयरीकुर माग्नुसोन ह्या आइसलंडी पंडितापाशीं बसून तेथील जुन्या सागा वाचल्या, दोघांनीं मिळून त्यांतील कांहींचीं भाषांतरें छापलीं, आणि मग तीं स्थळें पाहण्यासाठीं त्याच पंडिताला बरोबर घेऊन तो निघाला. मंडळींचा स्वयंपाकी म्हणूनही तोच होता. त्यासाठीं लंडनला एका मित्राच्या बागेंत चूल मांडून त्यानें उघड्यावर रांधण्याची तालीम केली होती. सहा आठवडे तो घोड्यावर फिरला. गेसिरला मात्र त्याचें मन रमलें नाहीं. आधींच्या पाहुण्यांनीं टाकलेलीं हाडें, पिसें, कागदाचे कपटे यांच्यांत तंबू ठोकावा लागल्यानें तो संतापला. त्याला पाहावयाची होतीं गवत वाढलेलीं जुनीं घरांचीं जोतीं, जेथें सागांतले वीर लढले व मेले. आणि त्या जोत्यांवर राहणारा गरीब शेतकरी त्या कथा मुखोद्गत सांगे, हें पाहून तो भारावला. जातांना त्यानें एक घोडा घरीं नेला आणि त्याचें नांव ‘माउस’, म्हणजे उंदीर, असें ठेविलें.

पुढच्याच वर्षीं आला रिचर्ड बर्टन. मुंबईच्या फौजेंत अधिकारी असतांना त्यानें मराठीची परीक्षा दिली होती आणि गोव्याविषयीं एक पुस्तकही लिहिलें होतें. आइसलंडांत तो हवापालटासाठीं आला नव्हता. उत्तरेकडील मीवात्न सरोवराजवळच्या गंधकाच्या खाणी फायद्याच्या आहेत कीं नाहींत, हें पाहण्याची कामगिरी त्याच्यावर होती. आधींच्या प्रवाशांनीं मैलाचे दहा मैल आणि टेंकडीचा पर्वत केला आहे, असें तो फटकारून सांगतो. तें खरेंही असेल. परंतु ज्या डोळ्यांनीं तो देशाकडे पाहतो ते खरेदीदाराचे आहेत, हेंही त्याच्या दोन जाडजूड भागांतून लपत नाहीं.

आणि खरेदीदार येऊं लागले होतेच. इंग्लंडांतल्या कोळशाच्या खाणींत गाड्या ओढण्यासाठीं आइसलंडचीं घोडीं बोटी भरभरून जात होतीं. ज्या बोटींतून पाहुणे हौसेनें उतरत, तसल्याच बोटींतून तीं कायमचीं अंधारांत उतरण्यास जात. १८७५ सालीं आस्क्या ज्वालामुखीच्या राखेनें पूर्वेकडील कुरणें बुडालीं आणि हजारों माणसें घरेंदारें सोडून अमेरिकेची व कानडाची वाट चालूं लागलीं. अशा दिवसांत हातांत रोकड धरून उभ्या असलेल्या परक्याला नाहीं म्हणणें सोपें नसतें. १८९४ सालीं गेसिरची जमीन तेथल्या शेतकऱ्यानें तीन हजार क्रोनरना विकली. विकत घेणारा जेम्स क्रेग. दारू गाळण्याच्या धंद्यावर श्रीमंत झालेल्या घराण्यांतला, आणि पुढें उत्तर आयर्लंडचा पहिला मुख्य प्रधान. त्यानें कुंपण घातलें आणि झरा पाहण्यास पैसे लावले. सबंध जगांतल्या अशा झऱ्यांना ज्या झऱ्याचें नांव मिळालें, तो आतां परक्याच्या मालकीचा. देशाच्या माणसालाही पैसे मोजल्यावांचून दर्शन नाहीं. दोनच वर्षांनीं, १८९६ मध्यें, भूकंप झाला आणि त्यानंतर स्ट्रोक्कुर मुका झाला. थोरला गेसिरही १९१६ च्या सुमारास थंडावला.

जवळच गुल्लफॉस, म्हणजे सोन्याचा धबधबा, आहे. १९०७ सालीं एका इंग्रजाला तो विजेसाठीं हवा होता. त्याच्या कांठच्या ब्रात्तहोल्तचा शेतकरी तोमास तोमासोन यानें, आपला स्नेही आपण विकत नसतों, असें म्हणून त्याला वाटेला लावल्याचें सांगतात. पण पुढें भाडेपट्टा परक्यांच्या हातीं गेलाच. तेव्हां उभी राहिली ती तोमासची मुलगी सिग्रीदुर. शाळेचें तोंड तिनें कधीं पाहिलें नव्हतें. पाहुण्यांना धबधब्यापर्यंत घेऊन जाणारी पायवाट तिनें व तिच्या बहिणींनीं पाडली होती; आतां ती शंभर किलोमीटरांहून लांब असलेल्या रेक्याविकला कचेऱ्यांचे उंबरठे झिजवूं लागली. धबधब्याला हात लावाल, तर त्यांत उडी टाकीन, असेंही तिनें बजावलें होतें. तिचा वकील होता स्वेन ब्योर्नसोन. खटला ती जिंकली नाहीं. परंतु वर्षानुवर्षें गेलीं, भाडें थकलें आणि १९२९ सालीं पट्टा आपोआप रद्द झाला. वकील ब्योर्नसोन १९४४ सालीं स्वतंत्र आइसलंडचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. सिग्रीदुर १९५७ त वारली. धबधब्याच्या वरच्या अंगाला तिच्या चेहऱ्याचा दगड बसविला आहे. गेसिरची जमीनही १९३५ सालीं एका आइसलंडी गृहस्थानें परत विकत घेऊन राष्ट्राला अर्पण केली आणि कुंपणाचे पैसे बंद झाले.

मधल्या काळांतील गोष्टी भराभर सांगतां येण्याजोग्या आहेत. १८९१ त ओल्फुसा नदीवर लोंबता पूल झाला. मग एकेका नदीवर पूल येत गेले आणि घोड्यांच्या तांड्याचें काम उरलें नाहीं. १९४० त इंग्रज फौज उतरली, पुढच्या वर्षीं अमेरिकन आली. त्यांनीं बांधलेल्या विमानतळांनीं समुद्राचाही अडसर काढला. शेवटची अडचण दक्षिणेकडील स्केदारा नदीच्या वाळवंटाची होती. १९७४ च्या जुलैंत तेथला पूल खुला झाला आणि तेव्हां कोठें, वसाहतीला अकराशें वर्षें झाल्याच्या उत्सवांत, बेटाभोंवतीं मोटारीनें फिरण्याचा सलग रस्ता पुरा झाला. तो सुमारें १३०० किलोमीटरांचा आहे. १९९६ सालीं हिमनदीखालीं ज्वालामुखि फुटून आलेल्या पुरानें त्याच पुलाचा मोठा भाग वाहून नेला, हें विसरून चालणार नाहीं.

२०१० च्या एप्रिलांत एयाफ्यात्लायोकुत्ल पर्वताच्या राखेनें युरोपांतलीं विमानें दिवसच्या दिवस जमिनीवर बसविलीं. आणि ज्या पर्वताचें नांव कोणाला उच्चारतां येत नव्हतें, तो सर्वांच्या तोंडीं झाला. त्या वर्षीं पाहुणे पांच लाखांहून कमी होते. २०१८ सालीं ते तेवीस लाखांवर गेले. एका यजमानामागें सहा पाहुणे! त्या वर्षाच्या डिसेंबरांत दिल्लीहून रेक्याविकजवळच्या केफ्लाविकला थेट विमानही सुरू झालें, आणि महिना-दीड महिन्यांतच तें बंद पडलें. दक्षिणेकडील एक चिंचोळी दरी एका गायकाच्या चित्रफितींत दिसली आणि माणसांची अशी रीघ लागली, कीं तुडविलेलें शेवाळ पुन्हां वाढावें म्हणून २०१९ सालीं ती दरी बराच काळ बंद ठेवावी लागली. तेथलें शेवाळ एकदां उखडलें, तर भरून येण्यास दशकें लागतात. म्हणून रस्ता सोडून मोटार नेणें हा आतां गुन्हा आहे.

आज मुंबई-पुण्याचें एखादें कुटुंब ह्या सफरीचा बेत करूं लागलें, तर शेंगेन देशांचा परवाना, गरम व वारा न शिरणारे कपडे आणि भाड्याची मोटार एवढ्यांत बरेंचसें काम होतें. पण मधल्या पठारावरचे कच्चे रस्ते जूनअखेर किंवा जुलैंतच खुले होतात, तेथें चारही चाकांना गति देणारी मोटारच लागते, आणि नदींत मोटार बुडाली, तर विमा सहसा हात वर करतो. रस्ते व हवामान खात्यांचीं पत्रकें रोज सकाळीं पाहून मगच निघावें लागतें. विमानतळाहून जवळच्या ग्रिंडाविक गांवांत १० नोव्हेंबर २०२३ च्या रात्रीं साऱ्या गांवकऱ्यांना, सुमारें पावणेचार हजार माणसांना, घरें सोडावीं लागलीं. डिसेंबरांत जमीन फाटून लाव्हा वाहूं लागला, १४ जानेवारी २०२४ ला तो गांवांतल्या घरांपर्यंत आला, आणि त्यानंतरही त्या बाजूला वारंवार उद्रेक झाले. शेजारच्या प्रसिद्ध निळ्या तलावांत स्नान करण्याचे दिवस लोकांनीं घरबसल्या राखून ठेविले होते. तो तलावही प्रत्येक वेळीं बंद होत गेला.

गेसिरला आतां पक्की सडक जाते. मुका झालेल्या स्ट्रोक्कुरची नळी १९६३ सालीं छिद्र पाडून मोकळी करण्यांत आली, आणि तेव्हांपासून तो दर पांच-दहा मिनिटांनीं उसळतो. त्यांत ढेकळें टाकण्याची गरज नाहीं आणि परवानगीही नाहीं. पाहुण्यांनीं भरलेली गाडी थांबते, माणसें दोराबाहेर उभीं राहतात, दोन-तीनदां पाणी उडालेलें पाहतात आणि गुल्लफॉसला निघतात. थोरला गेसिर तेथून हांकेच्या अंतरावर आहे. २००० सालच्या भूकंपानंतर तो कांहीं काळ जागा झाला होता. एरवीं त्याच्या कुंडांतून नुसती वाफ निघत असते, आणि तेथें तीन दिवस तंबू ठोकून कोणी बसत नाहीं.